घोडा वर वळतो कसा

आमच्या ब्लॉकसमोर सहा मजली कार पार्क आहे. सिंगापूरच्या तोआ पायोह भागात असे बरेच आहेत आणि गाडीवाल्यांखेरीज त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. आमच्याकडे गाडी नाही. तरीही नोव्हेंबरातले तीन रविवार आमचं चौघांचं कुटुंब सकाळी सातला त्या कार पार्कमध्ये हजर होतं. कारण सासूबाईंना स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या एका मनोऱ्यावर चढायचं होतं.

सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर. त्या बत्तीस वर्षं एका कन्याशाळेत इतिहास शिकवत होत्या. निवृत्तीनंतर त्या आमच्याकडे राहायला आल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सातवीला सागरी मार्गांच्या शोधाचा धडा असे. त्यात सेव्हिलचा उल्लेख होता तो एवढाच की तिथून जहाजं निघत. सासूबाईंचं एवढ्यावर भागत नसे. त्या ग्रंथालयातून एक जाडजूड सचित्र ग्रंथ वर्गात आणत आणि तिथल्या मोठ्या चर्चचा मनोरा दाखवत. मनोरा पूर्वी मशिदीचा होता. आत जिन्याऐवजी उतार बांधला होता. अजान देणाऱ्याला रोज पायी चढावं लागू नये म्हणून तो घोड्यावर बसून वर जाई, असं त्या सांगत. हे वर्गाला दरवर्षी आवडे.

एका वर्षी तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "बाई, पण घोडा वर वळतो कसा?"

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. सासूबाई म्हणाल्या, "उद्या सांगते."

उद्या त्यांनी सांगितलं नाही, कारण त्यांना माहीत नव्हतं. ग्रंथात बाहेरचं चित्र होतं, आतलं नव्हतं. पुढच्या वर्षीपासून त्यांनी घोडा गाळला. ही गोष्ट त्यांनी आम्हाला एकदाच सांगितली, सेव्हिलचं तिकीट निघाल्याच्या दिवशी. ती मुलगी आता पन्नाशीची आहे आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवते, हेही सांगितलं.

सहलीचं नियोजन बायकोकडे होतं. ती तांजोंग पगारच्या एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर आहे आणि तिच्या हातून कोणतीही गोष्ट तक्त्याशिवाय सुटत नाही. मी पूर्वी पुण्यात एका वर्तमानपत्राच्या संपादकीय टेबलावर अठरा वर्षं काढली. आता पाया लेबारच्या एका ऑफिसात कंपन्यांचे वार्षिक अहवाल लिहितो. आमची मुलगी चौदा वर्षांची आहे. ती मराठी समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. तिची उत्तरं इथे बहुतेक ठिकाणी मी मराठीत दिली आहेत.

तक्ता सप्टेंबरच्या शेवटी तयार झाला. प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. प्रत्येक चौकाला वीस मिनिटं, प्रत्येक चर्चला तीस. सासूबाईंनी चष्मा लावून तो पहिल्या ओळीपासून वाचला आणि दुसऱ्या दिवसाच्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं: साडेअकरा ते सव्वाबारा, टॉवर (आई: खाली बाकावर).

"मी बाकावर का?"

"आई, टॉवर आहे तो. गेल्या वर्षी तैवानला काय झालं, विसरलीस?"

गेल्या वर्षी तैवानला एका डोंगरावरच्या देवळाच्या त्रेसष्टाव्या पायरीवर सासूबाईंचा डावा गुडघा थांबला होता. दोन अनोळखी तरुणांनी हातांची खुर्ची करून त्यांना खाली आणलं होतं.

"चांगली मुलं होती," सासूबाई म्हणाल्या. "आणि तिथे पायऱ्या होत्या. इथे उतार आहे. घोडा जायचा."

"आई, तू घोडा नाहीस."

"डॉक्टर काय म्हणाले? पायऱ्या नकोत. उताराबद्दल काही बोलले नाहीत."

"तू विचारलंस का?"

"न विचारता कशाला बोलतील?"

शेवटी बायकोने अट घातली. निघेपर्यंत रोज आठ हजार पावलं चालून दाखवायचं. जमलं तर त्या ओळीचा विचार होईल. नाही जमलं तर बाक. पावलं मोजण्यासाठी मुलीने आपलं जुनं मनगटी घड्याळ आजीला दिलं. आकडे आपोआप बायकोच्या फोनवर जाऊ लागले आणि तिथून तक्त्यात.

पहिला आठवडा प्रामाणिक होता. सासूबाईंनी एका कागदावर सेव्हिलचा नकाशा काढला आणि तो तोआ पायोहवर बसवला. खाण्यापिण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर म्हणजे नदीपलीकडच्या त्रियाना वस्तीतला बाजार. टाउन सेंटरमधली फरसबंद मोकळी जागा म्हणजे साल्व्हादोरचा चौक. आमच्या मागचे तीन जुने ब्लॉक म्हणजे सांता क्रूझ, बोळांची वस्ती. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, म्हणजे व्हॉइड डेकवर, दगडी टेबलाशी पत्ते खेळणारे म्हातारे बसत. त्या जागेला त्यांनी कोर्टाचा चौक ठरवलं, कारण तिथे सतत वाद चाले. शेजारच्या दारातल्या चिनी आंटींना त्या सकाळी "मी त्रियानाला जाऊन येते" असं मराठीत सांगून निघत आणि आंटी "ओके, ओके, स्लोली" म्हणत. एवढं करून पावलं होत तीन हजारांच्या आसपास. एकदाच तीन हजार सातशे झाली, तेव्हा रात्री गुडघ्याला शेक घ्यावा लागला.

दुसऱ्या आठवड्यात आकडा आठ हजार चारशेवर गेला. मग नऊ हजारांवर. दिवाळीच्या आधीच्या शनिवारी अकरा हजार दोनशे.

बायको खूश झाली. "बघ, सवयीने होतं सगळं," ती मला म्हणाली. "आपणच तिला म्हातारी करतो."

मला आकडे खटकले. बातमीदारीत एक साधा नियम असतो. आकडा एकदम वाढला की आनंद नंतर करायचा, आधी त्या दिवशी आणखी काय घडलं ते पाहायचं. मी पाहिलं. अकरा हजारांच्या शनिवारी दिवसभर पाऊस होता आणि सासूबाईंचे बूट दाराबाहेर कोरडे होते. त्या दिवशी घरात एवढंच घडलं होतं की बेसनाचे लाडू झाले होते.

त्याआधीच्या गुरुवारी नऊ हजार सहाशे. त्या दिवशी रव्याचे लाडू आणि संध्याकाळी पोळ्या, एकूण बावीस. पोळ्या खाणारे आम्ही चार. मंगळवारी आठ हजार आठशे. मंगळवारी चिवडा आणि पुन्हा बेसन.

दिवाळी संपली तरी लाडू संपेनात, याचा उलगडा मला तेव्हा झाला. घरात लाडवांचे सात डबे होते. माझ्या ऑफिसात दोन गेले होते, बायकोच्या तीन. मुलीने शाळेत न्यायला नकार दिला होता. "आजी, इनफ लाह," ती म्हणाली होती. "माझ्या मैत्रिणी मला लाडू म्हणायला लागल्यात." शेजारच्या आंटींनी तीन डबे हसून घेतले. चौथ्या वेळी सासूबाई दारात उभ्या असताना त्या आतून बोलल्या नाहीत, पण टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला.

एका स्रोतावर बातमी छापत नाहीत. रविवारी दुपारी सासूबाई झोपल्या असताना मी ते घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं, गॅसवर रिकामी कढई ठेवली, गॅस न पेटवता हातात कालथा घेतला आणि दहा मिनिटं बेसन नसलेलं बेसन भाजलं. घड्याळात आठशे सत्तर पावलं पडली. मी जागचा हललो नव्हतो.

"खालून ढवळा," मागून आवाज आला. "असं वरवर केलं की दहा मिनिटांत हजारही होत नाहीत."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"आई, हे काय आहे?"

"पहिल्या दिवशी मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "खरंच. बेसन भाजत होते, घड्याळ थरथरलं आणि त्यावर फटाके उडाले. अभिनंदन म्हणे. मला वाटलं लाडवांबद्दल आहे."

"आणि नंतर?"

"नंतर माहीत होतं."

"उजव्या हाताला बांधलंत?"

"मग काय डाव्या हाताने बेसन भाजू?"

त्या स्टुलावर बसल्या. गुडघा सरळ केला. मग जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "जावईबापू, छापू नका."

मी म्हणालो की मी हल्ली छापत नाही, कंपन्यांचे अहवाल लिहितो.

"तेच म्हणते. त्यात तरी सगळं खरं कुठे असतं?"

हा मुद्दा मी सोडून दिला. पण खोट्या आकड्यांवर त्यांना मनोऱ्यात नेणं मला पटत नव्हतं. अर्ध्यात गुडघा थांबला तर वरून खाली आणणार कोण, हा प्रश्न खरा होता. तैवानची मुलं प्रत्येक देशात भेटत नाहीत. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला आठ हजार पावलं चालायचीच नाहीत हो. बाकीची चर्चं तुम्ही बघा, मी बाहेर बसते. मला फक्त तो उतार चढायचाय. तेवढ्याची परीक्षा घ्या. मला जो पेपर द्यायचाय, तोच काढा."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचा कार पार्क दिसतो. एक पांढरी गाडी उताराने दुसऱ्या मजल्यावर चढली, कोपऱ्यावर वळली आणि तिसऱ्याकडे निघाली. आम्ही दोघांनी ती पाहिली. कोण आधी बोललं, ते मला आठवत नाही.

बायकोला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. लाडवांसकट. तिने तक्ता उघडला.

"म्हणजे माझ्या चार्टमध्ये बेसन आहे," ती म्हणाली.

मग तिने त्या तीन आठवड्यांचे आकडे पुसले आणि कार पार्कची नवी ओळ घातली. आईशी ती एक दिवस बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली, ते परीक्षेचे नियम सांगायला.

मनोऱ्यात पस्तीस उतार आहेत. कार पार्क सहा मजली, पण छतासकट मजल्याला दोन धरून बारा उतार. तीनदा चढलं की छत्तीस होतात. "एक जास्तीचा," सासूबाई म्हणाल्या. "कृपांक म्हणून धरू नका, मी चढेन." दर वेळी खाली लिफ्टने यायचं. विश्रांती चालेल, पण उभ्याने. मनोऱ्यात स्टूल नसतं.

पहिल्या रविवारी एक फेरी झाली. दुसऱ्या रविवारी दोन. भिंतीच्या कडेने सासूबाई, त्यांच्या मागे मी, पुढे मुलगी आणि सगळ्यात पुढे प्रत्येक वळणावर बायको, एक हात वर करून, समोरून येणाऱ्या गाड्यांसाठी. सकाळी सातला गाड्या कमी असतात. ज्या आल्या त्यांतल्या एकीने आमच्याजवळ येऊन काच खाली केली.

"आंटी, लिफ्ट तिकडे आहे," चालवणारा लहान मुलाला सांगावं तसं सावकाश म्हणाला.

"आय नो," सासूबाई म्हणाल्या.

त्याने मला विचारलं, "शी ओके?"

"परीक्षा आहे," मी इंग्रजीत सांगितलं. सिंगापूरमध्ये एवढं पुरतं. त्याने मान डोलावली आणि गाडी अगदी हळू पुढे नेली.

चौथ्या मजल्यावर एक निवृत्त चिनी अंकल दर रविवारी गाडी धुतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला फक्त पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात विचारलं. मुलीने त्यांना स्पेन, मनोरा, घोडा असं सगळं सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे परीक्षेच्या दिवशी, त्यांनी गाडीच्या डिकीतून लाल प्लास्टिकचं स्टूल काढून उताराच्या तोंडाशी ठेवलं होतं.

पहिल्या दोन फेऱ्यांत सासूबाईंनी स्टुलाकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या फेरीत, एकतिसाव्या उताराच्या शेवटी, त्या थांबल्या. भिंतीला हात लावला. चेहरा पांढरा नव्हता, पण बोलणं बंद झालं होतं आणि ते जास्त काळजीचं होतं. मग त्या चार पावलं वाकडी वाट करून गेल्या आणि स्टुलावर बसल्या.

बायको वळणावरून खाली आली. तिच्या हातात फोन होता, त्यावर वेळ पळत होती.

"आई, बसायचं नव्हतं."

अंकल स्पंज हातात धरून उभे होते. "घोड्यालाही पाणी देतात," ते इंग्रजीत म्हणाले आणि त्यांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली.

"मॉम, मनोऱ्यात खिडक्या आहेत," मुलगी म्हणाली. "प्रत्येक वळणावर. लोक खिडकीच्या कट्ट्यावर बसतात. मी व्हिडिओ पाहिलाय."

"किती लोक?"

"मॉम!"

सासूबाई सहा मिनिटं बसल्या. मग उठल्या आणि उरलेले पाच उतार चढल्या. छतावर पोचल्यावर त्यांनी कठड्याला धरून समोर पाहिलं. समोर आमचा ब्लॉक होता, आमच्या खिडकीत वाळत घातलेला त्यांचाच टॉवेल होता. "छान दिसतो देखावा," त्या म्हणाल्या. एकूण वेळ एक तास बावीस मिनिटं.

त्या दिवशी बायकोने निकाल सांगितला नाही. पण दुपारी मी तक्ता उघडला, तेव्हा त्या ओळीत बदल झाला होता. टॉवर (आई: बघू). वेळही वाढवली होती, पंचेचाळीस मिनिटांऐवजी दोन तास.

आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सेव्हिलला पोचलो. शहराबद्दल पहिली नोंद अशी की सासूबाईंचा नकाशा बराचसा बरोबर होता. सांता क्रूझचे बोळ इतके अरुंद आहेत की समोरासमोरच्या बाल्कन्यांतून चहाचा कप पलीकडे देता येईल. फोनवरचा नकाशा त्या बोळांत गोंधळतो. बायको एका कोपऱ्यावर फोन गोल फिरवत उभी असताना सासूबाई म्हणाल्या, "पत्तेवाल्यांच्या ब्लॉकपासून उजवीकडे," आणि उजवीकडे निघाल्या. तिथे एक छोटा चौक निघाला. मधे लोखंडी क्रूस, भोवती संत्र्यांची झाडं, झाडांना खरोखरची संत्री. मुलीने एक तोडायला हात वर केला, तर बाकावरच्या स्पॅनिश आजीबाईंनी तोंड वाकडं करून दाखवलं. कडू असतात.

साल्व्हादोरच्या चौकात आमची एक चूक झाली. ती फक्त सिंगापूरकरांच्या हातून होऊ शकते. चौकात गुलाबीसर चर्च आहे, पायऱ्यांवर लोक बसलेले असतात आणि खाली उंच टेबलं मांडलेली असतात. जेवणाची वेळ होती, एकच टेबल रिकामं झालं. बायकोने पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं, टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि आम्हा सगळ्यांना घेऊन पदार्थ पाहायला आत गेली. आमच्याकडे हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ते टेबल तुमचं. मंत्रीही ते हलवणार नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा टेबलाशी चार स्पॅनिश माणसं उभी होती, त्यांच्यासमोर बिअर होती आणि त्यांतला एक आमच्या टिश्यूने चष्मा पुसत होता.

"एक्स्क्यूज मी," बायको म्हणाली. "हे आमचं आहे."

त्याने पाकीट अदबीने परत दिलं. टेबल दिलं नाही. उलट एक टिश्यू घेतल्याबद्दल आभार मानले.

"सिंगापूरला आल्यापासून चौदा वर्षांत पहिल्यांदा," बायको म्हणाली. आम्ही उभ्याने जेवलो. सासूबाई चर्चच्या पायऱ्यांवर, पहिल्याच पायरीवर बसून जेवल्या आणि त्यांच्या मते ती चौकातली सगळ्यात चांगली जागा होती.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला आम्ही मनोऱ्याच्या दाराशी होतो. मनोऱ्याचं नाव गिराल्दा. आत मोठ्या चर्चच्या पोटातून जावं लागतं. चर्च एवढं मोठं आहे की आत माणसं कुजबुजत असतात तरी त्याची मिळून गाज होते. सोन्याचा मुलामा दिलेला वेदीमागचा प्रचंड लाकडी पडदा बायकोने तक्त्याप्रमाणे वीस मिनिटं पाहिला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाठ केली होती. त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या दाराकडे होतं.

उतार विटांचा आहे. भिंतीवर प्रत्येक उताराचा आकडा लावलेला आहे, हे सासूबाईंना फार आवडलं. "बघ, यांनीही तक्ता केलाय," त्या लेकीला म्हणाल्या. खिडक्यांचे कट्टे होते. पाचव्या, अकराव्या, अठराव्या आणि चोविसाव्या उतारावर त्या बसल्या. चोविसाव्याला लेक त्यांच्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "आई, दुखत असेल तर सांग. मी काही लिहिणार नाहीये."

"दुखतंय," सासूबाई म्हणाल्या. "चल."

चौतिसाव्यानंतर त्या थांबल्या, पण बसल्या नाहीत. वळणाची चौकोनी जागा त्यांनी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पाहिली. मग मला म्हणाल्या, "जावईबापू, घोडा लांबीला किती असतो?"

मी फोनवर पाहिलं. नाकापासून शेपटीपर्यंत साधारण अडीच मीटर.

"तुम्ही दोघं एकामागे एक उभे राहा. वाका. तू पुढे," त्यांनी नातीला सांगितलं. "तुम्ही मागे."

"आजी, नो."

"चाळीस वर्षं झाली, सोन्या."

मुलगी वाकली. मी तिच्या मागे, तिच्या कमरेला हात लावून वाकलो. घोड्याचा मागचा भाग मी होतो. खालून कोरियन पर्यटकांचा एक गट येत होता. बायको उताराच्या तोंडाशी गेली, कार पार्कमध्ये करायची तसा एक हात वर केला आणि म्हणाली, "वन मिनिट, प्लीज. परीक्षा आहे." गट थांबला. त्यांच्या गाइडने त्यांना काहीतरी सांगितलं. त्यांनी फोन वर केले.

"चाला," सासूबाई म्हणाल्या. आम्ही चाललो. "वळा." आम्ही वळलो. माझा खांदा आतल्या भिंतीला घासला.

"मागचा भाग घासतोय."

"वाट अरुंद आहे," मी वाकलेल्या अवस्थेत म्हणालो.

"वाट ठीक आहे. मागचा भाग लक्ष देत नाहीये. पुन्हा. बाहेरच्या भिंतीलगत या."

दुसऱ्या खेपेला घोडा न घासता वळला. कोरियन गटाने टाळ्या वाजवल्या.

आम्ही पस्तिसावा उतार चढलो आणि तिथे उतार संपला. पुढे पायऱ्या होत्या. सतरा. वर घंटांचा मजला, उजेड, वारा, लोकांचा गलबला. त्या पायऱ्या मूळच्या की नंतरच्या, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. पण घोड्याने चढायच्या त्या नव्हत्या.

"म्हणजे घोडा वर जातच नव्हता," मुलगी म्हणाली. "आजी, प्रश्नच चुकीचा होता!"

"प्रश्न बरोबर होता," सासूबाई म्हणाल्या. "तिने मला विचारलं, मी बघायला आले. इथपर्यंत यायचा. इथे उतरायचं. कोपऱ्यावर वळवायचा आणि परत." त्यांनी वळणाच्या जागेकडे बोट केलं, वर्गात नकाशाकडे करत असतील तसं.

बायकोने आईपुढे हात केला. "चल, सतराच आहेत. मी धरते. अख्खं शहर दिसतं वरून."

"नको."

"अगं, एवढी आलीस! आठवडे घालवलेस. लाडू केलेस!"

"तिथे घोडा नव्हता," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही जाऊन या. फोटो दाखवा."

आम्ही गेलो. वरून शहर पांढरं आणि मातकट दिसत होतं, मधे नदी, पलीकडे त्रियाना. चौक मोजता येत होते. आम्ही खाली आलो तेव्हा सासूबाई पस्तिसाव्या उताराशी भिंतीला टेकून फोनवर एका बोटाने काहीतरी लिहीत होत्या. उतरताना गुडघा जास्त दुखतो. त्या माझ्या आणि लेकीच्या खांद्यांवर हात ठेवून उतरल्या.

बाहेर चौकात, मनोऱ्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या झाडाखाली एक बाक होता. त्या बसल्या. मग फोन मला दिला. त्यांनी तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीला लिहिलं होतं: घोडा कोपऱ्यावर वळतो. बाहेरच्या भिंतीलगत चालवायचा. शेवटच्या पायऱ्यांच्या अलीकडे उतरायचं. प्रत्यक्ष पाहून सांगत आहे. उशिराबद्दल क्षमस्व.

उत्तर आलेलं होतं. दोन जोडलेले हात, एक गुलाबाचं फूल आणि खाली: बाई, नमस्कार! कोणता घोडा?

मी फोन परत दिला. सासूबाईंनी चष्मा वर करून ते वाचलं, मग चष्मा लावून वाचलं.

"तेव्हाही हिचं लक्ष नव्हतं," त्या म्हणाल्या.

"आजी, सोड ना," मुलगी म्हणाली. "आइस्क्रीम खाऊ."

"तुम्ही खाऊन या. मला हिला धडा पहिल्यापासून सांगावा लागणार." आणि त्यांनी एका बोटाने लिहायला सुरुवात केली. आम्ही आइस्क्रीम खाल्लं, पोस्टकार्डं घेतली, टांगे उभे असतात तिथे मुलीने एका खऱ्या घोड्याचा फोटो काढला. परत आलो तेव्हा त्या जहाजांपर्यंत पोचल्या होत्या. बायकोने घड्याळ पाहिलं. आई बाकावर पंचेचाळीस मिनिटं बसली होती. तक्त्यातली 'आई: खाली बाकावर' ही मूळ ओळ अखेर पाळली गेली. फक्त दीड तास उशिरा.